पोर्टफोलिओतून निसटणारी माहिती

सोलापुरात वस्त्ररचना, वास्तुकला किंवा समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे आता नोकरीच्या अर्जासोबत पोर्टफोलिओची, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाच्या ऑनलाइन संग्रहाची, लिंक मागितली जाते, आणि ती लिंक बहुधा कोणालाही उघडता येईल अशीच ठेवलेली असते. नाव आणि फोन नंबर झाकले की काम झाले, अशी समजूत त्यामागे असते. ती चुकीची आहे, कारण माणसाची ओळख एखाद्या तपशिलापेक्षा तपशिलांच्या जोडणीतून अधिक पटते.

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे २००० साली असा अंदाज मांडला, की पोस्टाचा पिन, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक इतरांपासून वेगळे काढता येतात. २००६ मधील फेरगणनेत हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. तोही काही थोडा नव्हे. यामागचे गणित सोपे आहे. ८० वर्षांत सुमारे २९,२०० जन्मतारखा येतात, लिंगाचे दोन पर्याय धरले तर ५८,४०० खाने होतात, आणि एका पिनच्या हद्दीत समजा ५०,००० लोक राहत असतील, तर सरासरीने एका खान्याच्या वाट्याला पुरता एक माणूसही येत नाही. पोर्टफोलिओत तर कॉलेज, शाखा आणि उत्तीर्ण होण्याचे वर्ष आधीच छापलेले असते.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ओळखीपेक्षा मला त्याच्या फोटोतल्या माणसांची काळजी अधिक वाटते. समजा, समाजकार्याच्या विद्यार्थिनीने क्षेत्रकार्याच्या अहवालात विडी वळणाऱ्या बाईंचा चेहरा धूसर केला, पण खाली ‘पूर्व भाग, वय ६८, मुलाचे यंत्रमाग बंद, पतसंस्थेचे कर्ज थकलेले’ असे लिहिले. त्या गल्लीत कोणालाही नाव विचारावे लागणार नाही. बाईंनी होकार दिला असेल तो कॉलेजच्या अहवालापुरता. थकलेले कर्ज जगजाहीर करायला नव्हे. चौकशी किंवा न्यायालयीन प्रकरणाशी संबंध आलेल्या बालकांबाबत तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, इतकेच काय, ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते.

फाइलच्या पोटातही बरेच काही दडलेले असते. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर फोटोच्या फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या ‘एक्झिफ’ नोंदीत तारीख-वेळेसोबत अक्षांश-रेखांशही उतरतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि नोंद सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत जाते. त्यामुळे सोलापूरच्या अशोक चौकाच्या आसपास फोटो नेमका कोणत्या घराशी काढला, हेही बऱ्याचदा कळू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही नोंद गळून पडते, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती शाबूत राहते.

पीडीएफमधील मजकुरावर नुसती काळी पट्टी काढली, तर खालची अक्षरे तशीच राहतात आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येतात. गुणपत्रिकेच्या बाबतीत हे विशेष महाग पडते, कारण दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर बैठक क्रमांक आणि आईचे नाव एकत्र असते, आणि ऑनलाइन निकाल पाहताना बोर्ड हेच दोन तपशील विचारते. गुण दाखवायचेच असतील तर टाइप करावेत. मूळ कागद मुलाखतीत दाखवता येतो. येथे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आधाराला येईल असे मानू नये, कारण स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही.

टॉवेल किंवा चादरीच्या कारखान्यात प्रशिक्षण घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डिझाइन अधिनियम, २००० नुसार अर्ज करण्यापूर्वी जाहीर झालेल्या नक्षीची नोंदणी सामान्यतः होत नाही. बाजारात न आलेली जॅकार्ड (मागावर कापडातच विणलेली) नक्षी हौसेने पोर्टफोलिओत टाकली, तर कारखानदाराचा नोंदणीचा हक्कच जाऊ शकतो, आणि नंतर पान काढून टाकले तरी जाहीर झालेली नक्षी पुन्हा नवी ठरत नाही. तेव्हा त्याचा लेखी होकार येईपर्यंत त्याच मागावर, त्याच सुतात काढलेली स्वतःची छोटी नक्षी पोर्टफोलिओत ठेवावी. नोकरी देणाऱ्याला कौशल्य पारखायला तेवढे पुरते.