फळगळ, फयगय आणि वर्गामागे आठ उदाहरणं

"आंबियाची फयं गयून रायले, काय माराव?"

काटोलकडून मोबाइलवर आलेला हा संदेश. पुस्तकी मराठीत सांगायचं तर संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकाची, फळं गळत आहेत, कोणतं औषध फवारायचं, असा प्रश्न. काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातल्या संत्रा बगीचेवाल्यांचे असे प्रश्न नागपुरात आमच्या छोट्या गटाकडे येतात. रोग, कीड, पाणी आणि ताण, खत, बाजारभाव अशा पाच ढिगांत ते वाटले की ज्याचा विषय तो उत्तर देतो. ही वाटणी कॉम्प्युटरकडे सोपवायची ठरली तेव्हा पहिली अडचण आली ती उदाहरणांची. कोणता संदेश कोणत्या ढिगातला, हे खात्रीने सांगणारा माणूस आमच्याकडे एकच. कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले काका. हंगामात ते स्वतःच्याच बगीच्यात असतात. त्यांच्याकडून हजारो संदेशांना लेबल लावून घेणं शक्य नव्हतं. एका बैठकीत चाळीस झाले तरी खूप.

चाळीस उदाहरणांवर मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, शिकतं हे आता सहज ऐकायला मिळतं. पाच वर्ग, प्रत्येकी आठ उदाहरणं. पण हे शक्य कसं झालं हे पाहायला साठ वर्षं मागं जावं लागतं. माझं म्हणणं एवढंच की थोडी उदाहरणं कधीच एकटी नसतात. त्यांच्यामागं लेबल न लावलेल्या मजकुराची पुण्याई असते, आणि तो मजकूर कुणाच्या तोंडच्या मराठीतला आहे यावर आमच्यासारख्यांचं काम तरतं किंवा फसतं.

सुरुवात १९६१ ची. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या एम. ई. मॅरन यांनी संगणकशास्त्रातल्या निबंधांचे ४०५ सारांश घेतले, ते वाचून ३२ विषय ठरवले आणि ९० खुणेचे शब्द निवडले. कोणता शब्द कोणत्या विषयात किती वेळा येतो हे मोजायचं आणि त्यावरून नवा सारांश कुठला ते संभाव्यतेने सांगायचं, अशी पद्धत. शिकवण्यासाठी २६० सारांश, तपासण्यासाठी उरलेले १४५. आता २६० ला ३२ ने भागून पाहा. आठच्या आसपास येतात. म्हणजे या विषयातला अगदी पहिला प्रयोगच मोजक्या उदाहरणांवरचा होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आज आपण ज्याला नवं म्हणतो ती खरं तर या क्षेत्राची पहिली अडचण आहे.

निकालही बोलका होता. शिकवलेल्या सारांशांवर मॅरन यांची पद्धत दहातले आठहून जास्त बरोबर सांगायची. न पाहिलेल्या सारांशांपैकी ज्यांत निदान दोन खुणेचे शब्द होते, त्यांतले निम्म्याच्या जरा वर बरोबर आले. घोकलेलं आलं, नवं आलं नाही. परीक्षेच्या दिवसांत घरोघरी दिसणारी गोष्ट. कारण सरळ आहे: आठ सारांशांत एखाद्या विषयाचे सगळे शब्द येतच नाहीत, आणि जो शब्द पाहिला नाही त्याच्याबद्दल त्या पद्धतीला काहीच माहीत नव्हतं.

पुढची दोन-तीन दशकं लवकर सांगून होतात. जाणकारांनी हाताने नियम लिहायचे, अमुक शब्द आला तर तमुक वर्ग, असा काळ येऊन गेला. मग नव्वदच्या दशकात आकडेवारीवर चालणाऱ्या पद्धती जिंकल्या. रॉयटर्सच्या १९८७ सालच्या २१,५७८ बातम्यांचा संच सगळ्यांची तालमीची जागा झाला. लेबलं भरपूर असली की या पद्धती छान चालायच्या. प्रश्न होता तो लेबलं लावणार कोण हा.

१९९४ ते २००० या काळात तीन उत्तरं निघाली आणि तिन्ही आजही आमच्या कामात आहेत.

पहिलं १९९४ चं, डेव्हिड लुईस आणि विल्यम गेल यांचं. माणसाला वाटेल ते कागद देऊ नका. मॉडेल जिथं अडखळतं तेवढेच कागद त्याच्यापुढं ठेवा. या युक्तीने त्यांच्या प्रयोगात हाताने लेबल लावायचं काम कमाल ५०० पटींनी घटलं. आमच्या काकांनाही आम्ही असेच संदेश देतो. ज्यात 'डिंक्या' (खोडातून डिंक वाहण्याचा रोग) स्पष्ट लिहिलंय तो रोगाचाच, त्यासाठी त्यांचा वेळ घ्यायचा नाही.

दुसरं थोड्या बियाण्यावर पीक काढण्याचं. १९९५ मध्ये डेव्हिड यारोव्स्की यांनी शब्दाचा अर्थ ओळखायला हा मार्ग वापरला: एकेका अर्थाची एक-दोन खूण द्यायची, त्यावरून खात्रीची वाक्यं ओळखायची, त्या वाक्यांतून नव्या खुणा शोधायच्या आणि फेऱ्या चालू ठेवायच्या. १९९८ मध्ये अव्रिम ब्लम आणि टॉम मिचेल यांनी विद्यापीठांच्या वेबपानांमधून अभ्यासक्रमांची पानं वेगळी काढली ती फक्त १२ लेबल लावलेल्या पानांवरून. पानावरचे शब्द आणि त्या पानाकडे नेणाऱ्या लिंकचे शब्द अशा दोन बाजू त्यांनी धरल्या. एका बाजूने खात्रीने ओळखलेलं पान दुसऱ्या बाजूला शिकवायचं. चूक ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. बारा पानांनी हे केलं असं म्हणता येत नाही. लेबल नसलेली शेकडो पानं शेजारी होती, म्हणून झालं.

तिसऱ्या उत्तराने हेच गणितात बसवलं. २००० साली कमल निगम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की थोड्या लेबलांवर शिकलेल्या मॉडेलने बाकीच्या मजकुराला अंदाजे लेबलं लावायची, त्या अंदाजांवर पुन्हा शिकायचं आणि अंदाज स्थिर होईपर्यंत हे करत राहायचं. काही ठिकाणी चुका ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. हे संत्र्याच्या भाषेत सांगतो. समजा लेबल लावलेल्या चाळिसांत 'डिंक्या' हा शब्द एकदाच आहे आणि तो रोगात आहे. लेबल नसलेल्या संदेशांत 'डिंक्या' जिथं येतो तिथं 'बोर्डो' वारंवार येतो, कारण खोडावर डिंक्या दिसला की बोर्डो पेस्ट लावतात. मग 'बोर्डो'ही रोगाकडे झुकतो. पुढं नुसतं "बोर्डो कधी लावाव" असा संदेश आला तरी मॉडेल चुकत नाही. काकांनी 'बोर्डो'ला कधी लेबल लावलंच नव्हतं.

इथपर्यंत शेजारचा मजकूर त्याच विषयाचा असावा लागायचा. २०१३ मध्ये गूगलमधून वर्ड-टू-व्हेक आलं आणि कुठल्याही मजकुरातून शब्दांचे अर्थ आकड्यांत साठवता येऊ लागले. सारख्या संदर्भांत वापरले जाणारे शब्द जवळ आले. खरा उंबरठा ओलांडला गेला तो २०१८ मध्ये. जेरेमी हॉवर्ड आणि सेबॅस्टियन रुडर यांनी मॉडेलला आधी विकिपीडियाचे १० कोटी ३० लाख शब्द 'पुढचा शब्द ओळख' या खेळातून वाचायला लावले, आणि मग नेमून दिलेलं काम शिकवलं. लेबल लावलेली १०० उदाहरणं अशा मॉडेलला देऊन जे साधलं, ते कोऱ्या मॉडेलला साधायला शंभरपट उदाहरणं लागत होती. शंभर उदाहरणांच्या पोटात दहा कोटी शब्द आहेत, हे इथं डोळ्यांनी दिसतं.

त्याच वर्षी गूगलचं बर्ट हे भाषा-मॉडेल आलं आणि त्याचं बहुभाषी रूपही, १०४ भाषांचं. त्यात मराठी होती. पण ती विकिपीडियाची मराठी. आणि त्या बहुभाषी बर्टच्या पहिल्या आवृत्तीत एक खोट होती, जी मराठी माणसाने जवळून पाहावी. युरोपी अक्षरांवरची चिन्हं काढून टाकण्याचा जो नियम होता तो देवनागरीलाही लागायचा. अनुस्वार, हलन्त, उकार आणि 'के', 'कै' मधल्या मात्रा गळून पडायच्या. काना, वेलांटी आणि 'को', 'कौ' मधली चिन्हं राहायची. 'डिंक्या'चं व्हायचं 'डिकया'. 'फुलगळ'चं 'फलगळ'. फुलं गळणं आणि फळं गळणं यांत महिन्यांचं अंतर असतं, उपाय वेगळा असतो, आणि इथं दोन्ही शब्द जवळजवळ एक झाले. नंतरच्या आवृत्तीत हे सुधारलं, पण जुनी आवृत्ती निष्काळजीपणे उचलली तर आजही हेच होतं.

२०२० मध्ये ओपनएआयचं जीपीटी-३ हे मोठं भाषा-मॉडेल आलं. १७,५०० कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकताना जुळवले जाणारे आकडे. त्याला काहीही वेगळं न शिकवता, प्रश्नातच दोन-चार नमुने लिहून पुढचा नमुना विचारायचा. 'थोड्या उदाहरणांवर शिकणं' हे शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसले. त्याच सुमाराला टिमो शिक आणि हिनरिश शुट्झे यांनी छोट्या मॉडेलकडून तेच करून घेतलं: संदेशाखाली 'हा प्रश्न ____ बद्दल आहे' असं लिहायचं आणि गाळलेली जागा भरून घ्यायची. वर्गीकरणाचं काम गाळलेल्या जागेचं झालं की मॉडेलला आधीच येत असलेली भाषा कामी येते.

आम्ही वापरतो ती पद्धत २०२२ ची, सेटफिट. हगिंग फेस ही कंपनी, इंटेल लॅब्ज आणि जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी मिळून केलेली. तिचं मर्म जोड्या लावण्यात आहे. चाळीस संदेशांच्या ७८० जोड्या होतात. त्यातल्या १४० जोड्यांत दोन्ही संदेश एकाच वर्गातले, ६४० मध्ये वेगवेगळ्या. पहिले जवळ ओढायचे, दुसरे लांब ढकलायचे, आणि शेवटी एक साधा वर्गीकारक बसवायचा. ग्राहकांच्या अभिप्रायांच्या एका संचावर वर्गामागे आठ उदाहरणांनी ३,००० उदाहरणांवर शिकलेल्या मोठ्या मॉडेलची बरोबरी केली. मॅरन यांच्या आठवर पुन्हा येऊन थांबलो, फक्त आता आठांच्या मागं अब्जावधी शब्द आहेत.

मराठीसाठी ही मागची फळी उभी करणाऱ्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत या गटाने भारतीय भाषांचे मजकूर गोळा केले, गूगलच्या भारतातल्या चमूने भारतीय भाषांचं 'मुरिल' हे मॉडेल केलं, आणि पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये 'महाकॉर्पस' काढला: २ कोटी ४८ लाख वाक्यं, आणि त्यावर शिकलेलं 'महाबर्ट'. मराठीत मोफत मिळणारं एवढं मोठं काम आम्हाला दहा वर्षांपूर्वी स्वप्नातही दिसलं नसतं.

पण त्या वाक्यांचा मोठा भाग बातम्यांचा आहे. बातमीत 'ताण' येतो तो मनावरचा किंवा यंत्रणेवरचा. आमच्याकडे ताण म्हणजे बहार धरण्यासाठी झाडाचं पाणी तोडणं. बातमीत 'मृग' म्हणजे नक्षत्र. आमच्याकडे मृगाला भाव असतो, कारण ते पावसाळ्याच्या तोंडावर फुलून फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायला येणारं पीक आहे. आणि बातमीत 'फळगळ' असते, 'फयगय' नसते. वऱ्हाडी-नागपुरीत ळचा य आणि णचा न होतो, 'ला'च्या जागी 'ले' येतो, 'राहिलं'चं 'रायलं' होतं. ही बोली काही कोपऱ्यात लपलेली नाही. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने स्वतंत्र छापलेले आहेत. तरी मॉडेलपुढं 'फयगय' ठेवला की ते शब्दाचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांना बातम्यांमधून कुठलाच अर्थ मिळालेला नसतो.

म्हणून आमची चाळीस उदाहरणं निवडताना आम्ही निम्मी मुद्दाम बोलीतली घेतली, आणि लेबल नसलेले जुने संदेश मॉडेलला आधी नुसतेच वाचायला दिले. निगम यांची शिकवण, नव्या अवजाराने. दुसरी काळजी तपासणीची. २०२१ मध्ये एथन पेरेझ, डाउवे कीला आणि क्युंगह्युन चो यांनी दाखवून दिलं की 'थोड्या उदाहरणां'चे पुष्कळ दावे पोकळ असतात, कारण प्रश्नाची मांडणी निवडताना लेबल लावलेला मोठा संच गुपचूप वापरलेला असतो. त्याच काळात हेही दिसलं की नमुन्यांचा नुसता क्रम बदलला तरी उत्तरं बदलतात. तेव्हापासून काकांनी लेबल लावलेले काही संदेश आम्ही वेगळे ठेवलेत आणि शेवटपर्यंत उघडायचे नाहीत असं ठरलंय.

उदाहरणं निवडायला आम्ही बसलो त्या संध्याकाळचं सांगतो. "झाडाची पानं गयून रायले" या एकाच वाक्याचे दोन संदेश होते. एकाला काकांनी 'ताण' लिहिलं, दुसऱ्याला 'रोग'. आम्हाला वाटलं चुकून झालं, म्हणून विचारलं.

"महिना पाय ना बाप्पा," काका म्हणाले. "हा डिसेंबरातला. आंबियासाठी पानी तोडलं, पानं गयनारच. ते गयाले पायजेच. आन हा ऑगस्टातला. पानी साचलं, मुया सडून रायल्या."

संदेशाची तारीख आमच्या फाइलीत होती, पण मॉडेलला आम्ही फक्त मजकूर देत होतो. आता प्रत्येक संदेशाच्या आधी महिन्याचं नाव लिहून मगच तो मॉडेलपुढं जातो.