फेरदर्जांकन (नाण्यांचे)

व्यावसायिक कंपनीने दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेले संग्राह्य नाणे वरचा दर्जा मिळेल या आशेने पुन्हा तपासणीला पाठविण्याची प्रथा. ती मुख्यतः अमेरिकेच्या नाणेबाजारात रुजली. डबीला बाजारात ‘स्लॅब’ म्हणतात. स्लॅब फोडून नाणे सुटे करून पाठविले तर ते ‘क्रॅकआउट’. एका कंपनीच्या स्लॅबमधले नाणे स्लॅबसकट दुसऱ्या कंपनीकडे देऊन तिची डबी मागितली तर ते ‘क्रॉसओव्हर’. तिसरा मार्ग पुनर्विचाराचा. त्यात नाणे डबीतच राहते, परीक्षक ते बाहेरून पाहतात आणि दर्जा वाढविण्याजोगा वाटला तरच डबी उघडली जाते. तिन्ही मार्गांत धोका सारखा नाही. पुनर्विचारात सहसा फक्त शुल्क जाते. क्रॅकआउटमध्ये हातचा दर्जाही जाऊ शकतो आणि त्या दर्जाला असलेली कंपनीची हमी डबी फुटताक्षणीच संपते.

मोजपट्टी : फेरदर्जांकनाचे मूळ १ ते ७० या अंकपट्टीत आहे. विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये ती मांडली, तीही फक्त अमेरिकेच्या १७९३ ते १८१४ या काळातील मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी. शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होता व मानवी देहयष्टीचे प्रकार पाडण्यासाठी ओळखला जाई. त्याची पट्टी दर्जाची होती त्याहून अधिक किमतीची होती, हे पुष्कळदा विसरले जाते. अगदी झिजलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटची किंमत एक डॉलर धरली तर ३० दर्जाचा सेंट तीस डॉलरचा आणि ७० चा सत्तर डॉलरचा, असा तो सरळ हिशेब होता. बाजारभावाने हे गणित थोड्याच वर्षांत मोडले. आकडे मात्र टिकले आणि पुढे सर्व धातूंच्या नाण्यांना लागू झाले. आजचे आकडे शेल्डनच्या अर्थाने वाचणे म्हणूनच चुकीचे ठरते. ६५ हा ६४ पेक्षा एका घराने वर असतो, पण भावात दुप्पट-तिप्पट असू शकतो. (न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील सरस सेंट काढून त्या जागी आपले डावे सेंट याच शेल्डनने ठेवल्याचे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. दर्जाचा मोह नेमका कोणाला होता, याचा हा बोलका पुरावा म्हणावा लागेल.)

चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी पट्टीचा वरचा भाग, ६० ते ७०, राखलेला आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये प्रमाणित निकष छापले तेव्हा या भागात ६०, ६५ व ७० एवढीच घरे वापरात होती. पुढे ६३ व ६७ आली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकराही घरे रूढ झाली. २०१० मध्ये ‘प्लस’ दर्जे निघाले, म्हणजे ६४ आणि ६५ यांच्यामध्ये ६४+ आले. घर जितके अरुंद तितके सीमेवरचे नाणे इकडेतिकडे होण्याचा संभव अधिक. फेरदर्जांकनाच्या वाढीचे श्रेय लोभाला देण्याची रीत आहे. प्रस्तुत नोंदीत घरांच्या वाढीला ते अधिक दिले आहे.

प्रारंभ : ही प्रथा केव्हा सुरू झाली याबाबत एकमत नाही. प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस (पीसीजीएस) ही सात व्यापाऱ्यांनी १९८५ मध्ये स्थापिलेली कंपनी फेब्रुवारी १९८६ पासून नाणी स्वीकारू लागली. न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन (एनजीसी) १९८७ मध्ये आली. स्लॅब फोडण्याची गोष्ट स्लॅबनंतरचीच असणार, म्हणून पुष्कळजण प्रारंभ १९८६ च्या सुमाराचा मानतात. सीलबंद डबी पहिली कोणाची, हाही वादच आहे. अ‍ॅक्युग्रेड या कंपनीचा दावा १९८४ चा आहे. तो ग्राह्य धरला तर वरील कालमर्यादा दोन वर्षे मागे जाते. परंतु असोसिएशनची प्रमाणन सेवा (अनॅक्स) १९७९ पासूनच दर्जा लिहिलेले छायाचित्र-प्रमाणपत्र देत होती. त्यात दर्शनी व मागच्या बाजूचा दर्जा वेगवेगळा असे, उदाहरणार्थ ६३/६५. नाणे सुटेच असल्याने फोडण्यासारखे काही नव्हते. नावडते प्रमाणपत्र बाजूला सारून नाणे पुन्हा टपालात टाकले की झाले. तेव्हा ‘क्रॅकआउट’ हा शब्द स्लॅबचा, पण कृती त्याआधीची, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्लॅबपूर्व काळात ती किती प्रमाणात चाले, हे ठरविण्यास पुरेशी साधने नाहीत.

दर्जा का बदलतो : दर्जा हे मापन नाही, मत आहे. दोन-तीन परीक्षक एकमेकांचे मत न पाहता नाणे दिव्याखाली तिरपे फिरवून काही सेकंदांत आकडा देतात आणि शेवटचा परीक्षक तो पक्का करतो. मॉर्गन डॉलरचे उदाहरण घेतल्यास, ही चांदीची नाणी एकेक हजाराच्या पोत्यांत भरून ठेवलेली असत व एकमेकांवर आपटत. स्वातंत्र्यदेवतेच्या सपाट, चकचकीत गालावर पडलेली एक खूण नजरेत भरते. तेवढीच खूण केसांच्या बटांत लपून जाते. गालावरचा ओरखडा किती खोल मानायचा, नाणे फिरवताना सरकणाऱ्या झळाळीने तो किती झाकला जातो, यावर ६४ की ६५ ठरते. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या परीक्षकापुढे, निकाल वेगळा लागू शकतो.

हिशेब साधारण असा मांडतात. समजा, ६३ ला ६००, ६४ ला १,००० व ६५ ला ३,००० डॉलर भाव आहे. ६४ चे नाणे फोडून पाठविण्याचा खर्च टपाल-विम्यासह ८० डॉलर; वर जाण्याची शक्यता दहात एक, खाली येण्याची दहात दोन. वाढीतून सरासरी २०० डॉलर येतात, घसरणीत ८० जातात, खर्चात ८० जातात, हाती ४० उरतात. खेप तोट्याची होण्याची शक्यताच जास्त, तरी शंभर नाणी हाताळणाऱ्या व्यापाऱ्याला धंदा परवडतो. एकच नाणे असलेल्या हौशी संग्राहकाला बहुधा परवडत नाही. त्यातही नाण्यावर जुन्या सफाईच्या बारीक रेषा आढळल्या तर आकडा न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारून ते परत येते. मग ६३ चा भावही मिळत नाही.

फोडण्याची कृती ओबडधोबड आहे. डबी जाड टॉवेलात गुंडाळतात, कोपरा पकडीत धरून दाबतात. कडकन आवाज होऊन शिवण उकलते. मग सांधा थोडाथोडा सोडवीत आतली कडी सुटी करतात. पकड घसरली तर नाण्याच्या काठाला कायमचा घाव बसतो. नाणे उचलायचे ते काठाला धरूनच, आणि ठेवायचे ते पीव्हीसी नसलेल्या पाकिटात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून नाण्यावर कालांतराने हिरवट चिकटा चढतो.

परिणाम : ज्याला दर्जा कमी मिळाला तो पुन्हा पाठवितो, ज्याला जास्त मिळाला तो गप्प बसतो. त्यामुळे बाजारात नाण्याला मिळालेल्या मतांपैकी सर्वांत उदार मत शिल्लक राहते. दर्जे फुगल्याची तक्रार जुनीच आहे. दुसरा परिणाम गणनेवर होतो. कोणत्या दर्जाची किती नाणी तपासली याची यादी कंपन्या प्रसिद्ध करतात. फोडलेल्या डबीतील चिठ्ठी परत केली नाही तर एकच नाणे यादीत तीन-चार नाण्यांच्या जागा अडविते, आणि दुर्मीळ नाणे कागदावर मुबलक दिसू लागते. २०१० मध्ये पीसीजीएसने नाण्यांच्या लेसर छायांकनाची सोय काढली. तीच नाणी पुन्हा आली तर ओळखू यावीत, हा तिचा एक उद्देश होता. त्याच वर्षी पीसीजीएसने पुट्टी वगैरे लावून दोष झाकणाऱ्या काही व्यापाऱ्यांवर कॅलिफोर्नियात दावाही लावला.

२००७ पासून सर्टिफाइड अ‍ॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन (सीएसी) स्लॅबवर चिकटवायची पट्टी देऊ लागली. हिरवी पट्टी म्हणजे नाणे त्या दर्जात भक्कम. सोनेरी म्हणजे वरच्या दर्जाला पात्र. सोनेरी पट्टी खरे तर फोडण्याचे आमंत्रणच, पण फोडले की पट्टी जाते. शिवाय जुन्या, कडक दर्जांच्या काळातील डबीला स्वतंत्र किंमत येऊ लागल्याने कित्येक मालक हात लावीत नाहीत.

भारत : झिजेनुसार नाण्याची किंमत कमी करण्याची पद्धत इकडे नवी नाही. पेशवाईत पोतदार नाणी पारखीत व सराफ बट्टा कापीत. आकडेबद्ध दर्जा मात्र अलीकडचा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. मग ते तपासणीपुरते का असेना. पंचम जॉर्ज राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला १९११ चा रुपया या अटीत सापडतो. मुंबई टांकसाळीचा १९३९ चा दुर्मीळ रुपया अजून या अटीत येत नाही. शिवराईला तर १ ते ७० ही अंकपट्टी लावणेच अवघड. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे पुष्कळदा पूर्ण उमटलेली नसतात, आणि चांगली शिवराई निवडणारा झीज पाहण्याआधी किती अक्षरे मिळाली ते मोजतो.