खोडीमागची छडी

इंग्लंडच्या निवासी शाळांमधल्या पोरांच्या गमतीजमती आपण ज्या रूपात ओळखतो, ते रूप फार जुनं नाही. १७९७ साली रग्बी नावाच्या शाळेतल्या मुलांनी मुख्याध्यापकांचं दार सुरुंग लावून उडवलं, बाकं जाळली, आणि त्यांना आवरायला सैनिक आणावे लागले. १८१८ मध्ये विंचेस्टरच्या शाळेतही सैनिकांच्या संगिनी निघाल्या. याला खोडी कोण म्हणेल?

बंडाचा वांडपणा झाला एकोणिसाव्या शतकात. त्याचा विनोदी साचा पक्का केला तो १९०७ आणि १९०८ मध्ये निघालेल्या 'जेम' आणि 'मॅग्नेट' या स्वस्त साप्ताहिकांनी. ती वाचणाऱ्या बहुतेक पोरांना अशा शाळेचं फाटकही दिसणार नव्हतं. 'मॅग्नेट'मध्ये आपल्याकडचा एक राजपुत्रही होता: क्रिकेट उत्तम, इंग्रजी मात्र हसू येईल असं. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा १९४० मध्ये दोन्हींतलं हे उरलेलं साप्ताहिकही थांबलं.

खोड्या ठरलेल्या. चादर मधोमध दुमडून अंथरायची, म्हणजे झोपायला आलेल्याचे पाय अर्ध्यातच अडकतात. दुसऱ्याच्या घरून आलेला केक लंपास करायचा. मग सरांचं बोलावणं, चड्डीत खोचलेली वही, आणि छड्या. छडीशिवाय गोष्ट संपतच नसे. 'छडी लागे छमछम' म्हणत वाढलेल्या आपल्याला त्यात वावगं वाटलं नाही, हेही खरं.

या छडीचं पुढे काय झालं, ते मात्र गुंतागुंतीचं आहे. 'ब्रिटनने १९८६ मध्ये छडी बंद केली' हे वाक्य सर्रास लिहिलं जातं. ते अर्धवट आहे. संसदेत ठराव एका मताने पार पडला, २३१ विरुद्ध २३०, आणि बंदी अमलात आली १९८७ मध्ये. पण ती सरकारी पैशावर शिकणाऱ्यांपुरती होती. गोष्टींमधल्या शाळा खासगी, त्या सुटल्या. म्हणजे एकाच खासगी वर्गात, एकाच खोडीसाठी, सरकारने फी भरलेल्या मुलाला हात लावायचा नाही आणि शेजारच्याला, ज्याची फी बापाने भरली, त्याला मारलं तर चालेल!

खासगी शाळेतल्या अशाच एका शिक्षेबद्दल १९९३ मध्ये निकाल आला. डेव्हनमधल्या एका निवासी शाळेतला सात वर्षांचा मुलगा. व्हरांड्यात बोलणं, एकदा झोपायला जरासा उशीर, असं करत पाच वाईट शेरे साठले. मुख्याध्यापकांनी चड्डीवरून रबरी तळव्याच्या बुटाचे तीन फटके दिले, तेही शेरा मिळाल्यावर तीन दिवसांनी. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. ही शिक्षा अमानुष किंवा मानहानीकारक म्हणण्याइतकी गंभीर नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. त्या चौघांचं म्हणणं मला जास्त पटतं. सात वर्षांच्या पोराला तीन दिवस वाट बघायला लावायची, यात विनोदी काय आहे?

इंग्लंडच्या खासगी शाळांतली छडी कायद्याने गेली १९९९ मध्ये. तरीही काही ख्रिस्ती शाळा आणि पालक धर्मस्वातंत्र्याचा आधार घेऊन ती परत मागायला कोर्टात गेले. मारून झाल्यावर शिक्षकांनी मुलाला जवळ घ्यायचं आणि प्रार्थना करायला सांगायचं, अशी पद्धतही त्यांनी मांडली होती. २००५ मध्ये ते हरले.