मूलपेशी प्रत्यारोपणातील बालकांचे पोषण (विदर्भ)

रक्ताच्या गंभीर विकारात बालकाची रोगट अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करून दात्याच्या मूलपेशी शिरेतून देतात. त्या रुजून कामाला लागेपर्यंत आणि पुढे प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत करावयाची आहारयोजना. बोलीत या उपचाराला ‘बोन मॅरो’ किंवा ‘बीएमटी’ म्हणतात. विदर्भात हा विषय मुख्यत्वे सिकलसेलमुळे (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक विकार) येतो. या विकाराच्या भारतातील पहिल्या नोंदीचा मान बहुधा निलगिरीला (लेहमन व कटबुश, १९५२) दिला जातो. मात्र आसामच्या चहामळ्यांतील मजुरांविषयीची नोंदही (डनलॉप व मुजुमदार) त्याच वर्षीची आहे. नागपूरकडील नोंद १९५८ ची (शुक्ला व सोलंकी). दात्याचा एचएलए (पेशींवरील ओळखखुणांचा संच) रुग्णाशी जुळावा लागतो; सख्ख्या भावंडाचा तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. या काळात तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलवटते, गिळवत नाही, उलट्या-जुलाब होतात. पूर्वी अशा वेळी सरसकट शिरेतून पोषण देत; ही पद्धत १९६८ च्या सुमारास डड्रिक व सहकाऱ्यांच्या कामामुळे रूढ झाली. आता आतडे चालू असेल तर नाकातून जठरात नळी घालून पोषण देण्याकडे कल आहे. शिरेतील पोषणात जंतुसंसर्ग व यकृतावरील ताणाचा धोका अधिक. ‘ऊर्जा दीडपट द्यावी’ हा जुना दंडकही सैल झाला आहे. प्रत्यक्ष मोजमापांत बालकांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय वाढलेला दिसत नाही, काही अभ्यासांत तो घटतो.

सर्वाधिक वाद ‘न्यूट्रोपेनिक आहारा’चा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या काळात कच्चे पदार्थ वर्ज्य करण्याचा. त्याचे मूळ १९६०–७० च्या दशकांतील निर्जंतुक कक्षांत असावे. तेथे खोलीतील हवेप्रमाणे अन्नही निर्जंतुक करीत. पुढे खोल्या बदलल्या, कच्ची फळे, कोशिंबीर, दही यांवरील बंदी मात्र राहिली. कर्करोगाच्या १५० बालकांवरील २०१८ च्या अभ्यासात बंदी पाळणाऱ्या व केवळ अन्नसुरक्षा सांभाळणाऱ्या गटांत संसर्गाचे प्रमाण वेगळे आढळले नाही. इटलीतील २०२३ च्या चाचणीचा निष्कर्षही तसाच, पण ती प्रौढांवरची. तरीही अनेक केंद्रे बंदीची यादी हातात देतात. प्रस्तुत लेखकाचा कल यादीपेक्षा स्वच्छतेकडे आहे, कारण खेड्यात धोका बहुधा पदार्थात नसून तो शिजल्यानंतर गेलेल्या वेळात असतो.

शिळ्या भाताचेच पाहा. ‘बॅसिलस सीरियस’ या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही टिकतात आणि भात रात्रभर गंजात (पातेल्यात) राहिला की वाढतात. उलटी आणणारे त्यांचे विष सकाळी गरम करूनही जात नाही. ताजी पेज किंवा तुरीचे पातळ वरण म्हणून बरे. आंबवलेल्या पिठाची असली तरी खळखळ उकळलेली आंबील गरम असताना चालावी. वरून घातलेले घरचे ताक हा वेगळा प्रश्न. हातपंपाचे पाणीही उकळूनच द्यावे. कोरड्या चटण्यांबाबत एकमत नाही.

संत्रे अखंड सालीचे, धुऊन, मोठ्या माणसाने सोलून दिलेले पुष्कळ ठिकाणी मान्य आहे. पपनस मात्र टाळावे, कारण सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे रक्तातील प्रमाण त्यामुळे वाढू शकते.

‘रक्त वाढावे’ म्हणून लोहाच्या गोळ्या देण्याची घरोघरची सवय येथे अपायकारक ठरते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २००–२५० मिग्रॅ. लोह शरीरात जाते व साठते. वारंवार रक्त चढवलेल्या बालकात ते आधीच जादा असते.

शरीरात पाणी साचल्याने या काळात वजनाचा काटा फसवतो. दंडाचा घेर अधिक विश्वासार्ह मानतात. त्याची पट्टी अंगणवाडीत मिळते. मात्र तिच्यावरील ११.५ सेंमी.ची लाल खूण ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांसाठी आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा रंग न पाहता सेंटिमीटर लिहून घ्यावेत व त्याच्याच मागील मापाशी ताडावेत.