काळा रंग उडतच नाही

खिडकीच्या ग्रिलला लावलेला कपड्यांचा चिमटा दाबावा आणि तो बोटांतच टचकन मोडावा, हा अनुभव मुंबईत कुणाला नाही? आणताना गडद निळा असतो. वर्षभरात फिकटतो, मग एका सकाळी त्याचे दोन तुकडे होतात आणि बोटांना पिठासारखं काहीतरी लागतं. माझ्या गाडीला जडलेला रोग हाच आहे, हे मात्र मला फार उशिरा उमगलं.

गाडी दहा वर्षांची. सोसायटीत स्टिल्टखालची जागा आमच्या नशिबी आली नाही, त्यामुळे ती उघड्यावरच उभी असते. पत्र्याचा रंग अजून ठीक आहे. पण वायपरखालची जाळी, चाकांवरच्या कमानी, दारांखालची क्लॅडिंग (म्हणजे प्लास्टिकची रुंद पट्टी), आरशांची बुडं, असं जे जे बिनरंगाचं काळं प्लास्टिक होतं ते सगळं राखेसारखं झालं. गाडी धुणारा मुलगा रोज सकाळी बादली खाली ठेवता ठेवता म्हणायचा, “काका, प्लास्टिकचा कलर उडालाय. पॉलिश मारू का?”

कलर उडालाय असं सगळेच म्हणतात. मीही म्हणत होतो. एकदा त्याच्या ओल्या फडक्याचं पाणी जाळीवर सांडलं आणि जिथे सांडलं तिथे जाळी काळीभोर झाली, अगदी शोरूममधून आणल्यासारखी. पाच मिनिटांत पाणी वाळलं आणि पुन्हा राख. रंग खरंच उडून गेला असता, तर पाण्याने तो आणला कुठून? बाल्कनीतली लाल बादली उन्हाने गुलाबी झाली की ती कितीही भिजवा, पहिल्यासारखी लाल होत नाही. तिथे रंगाचे रेणूच तुटलेले असतात. गाडीच्या प्लास्टिकमधला काळा रंग म्हणजे कार्बन ब्लॅक, चक्क कारखान्यात बनवलेली काजळी, टायरमध्ये असते तीच. उन्हाने तिचा रंग जात नाही. ती तिथेच असते, आपल्याला दिसत नाही इतकंच.

का दिसत नाही, ते गोळेवाल्याकडे कळतं. बर्फाची लादी काचेसारखी आरपार दिसते. तीच लादी रंध्यावर घासली की पांढराशुभ्र चुरा पडतो. बर्फात पांढरं काही मिसळलेलं नसतं. चुऱ्यातल्या प्रत्येक कणाच्या कडेला बर्फ संपून हवा सुरू होते आणि अशा प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा परततो, थोडा वळतो. हजारो सीमांवरून सैरावैरा परतलेला प्रकाश डोळ्याला पांढरा दिसतो. मग गोळेवाला वरून काला खट्टा ओततो, फटींतल्या हवेची जागा पाक घेतो आणि गोळा पुन्हा पाणीदार, गडद दिसायला लागतो. (तो ओढून प्यायला की पुन्हा पांढरा. लहानपणी हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय, फक्त वहीत लिहिला नाही.)

गाडीची जाळी म्हणजे तसाच चुरा झालेला पृष्ठभाग. मी भिंगातून पाहिलं तेव्हा मे महिन्यातलं भातखाचर आठवलं. आडव्यातिडव्या भेगा, मधे पापुद्रे, वर पांढरट धूळ. या धुळीतला काही भाग प्लास्टिकमध्येच मिसळलेल्या शंखजिऱ्याचा, म्हणजे टाल्कम पावडरच्या मूळ खनिजाचा असतो. बंपर आणि क्लॅडिंग ताठ राहावं म्हणून ते घातलेलं असतं. भोवतीचं प्लास्टिक झिजलं की ते उघडं पडतं.

आकड्यांत सांगायचं तर हवेचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात प्रकाश किती मंदावतो याचं माप, १, पाण्याचा १.३३, आणि या प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, साधारण १.४९. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत जितकं अंतर, तितका प्रकाश सीमेवरून परततो. प्लास्टिक आणि हवेच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशाचे सुमारे ४ टक्के परततात, प्लास्टिक आणि पाण्याच्या सीमेवर जेमतेम ०.३ टक्के. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असल्यामुळे तिथे सीमा जवळजवळ पुसलीच जाते. घरात कुणीतरी “खोबरेल लावून बघ” म्हणतं, त्यात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काहीच चूक नाही. चूक पुढे आहे, तिच्याकडे येतोच.

आधी भेगा का पडतात ते पाहू. पॉलिप्रॉपिलीन हे तसं तरुण प्लास्टिक. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नाता यांनी ते शिस्तबद्ध रचनेत बनवून दाखवलं आणि १९६३ मध्ये कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त, हलकं, आम्ल-अल्कलीला दाद न देणारं. बंपरसाठी त्यात थोडं रबर मिसळतात, म्हणजे रिक्षा घासून गेली तरी ते तडकण्याऐवजी दबतं. (मुंबईत क्लॅडिंग बिनरंगाची असण्याचा हाच खरा फायदा. ओरखडा दिसत नाही.)

पण या प्लास्टिकच्या अंगात एक खोड आहे. त्याचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी, आणि तिच्यात एक सोडून एका कार्बनला बाजूला एक फांदी फुटलेली. फांदीच्या बुडाशी असलेल्या कार्बनला एकच हायड्रोजन चिकटलेला असतो आणि त्याची पकड ढिली असते. सूर्याचे सुमारे २९० नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण ओझोनचा थर अडवतो. त्याच्या वरचे खाली पोहोचतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हे किरण फारसे शोषतही नाही. पण ते साच्यात ओतताना तापवलेलं असतं, त्यात उत्प्रेरकाचे, म्हणजे ते बनवताना अभिक्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्याचे, अंश राहिलेले असतात, काही रेणू आधीच ऑक्सिजनला चिकटलेले असतात. घर फिरतं ते या मूठभर घरभेद्यांमुळे. ते किरण शोषतात, तुटतात, आणि शेजाऱ्याचा ढिला हायड्रोजन ओढून घेतात. हायड्रोजन गमावलेल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, ती जोडी पुढच्या शेजाऱ्याचा हायड्रोजन पळवते, आणि त्यातून तयार झालेला पेरॉक्साइड (दोन ऑक्सिजन एकमेकांना कच्चे बांधलेले) उन्हात फुटून एकाचे दोन लुटारू होतात. अशा गडबडीत मधेच कुठेतरी साखळी तुटते.

लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात म्हणून प्लास्टिक चिवट असतं. तुकडे झाले की गुंता सुटतो. सुटे तुकडे दाटीवाटीने, नीट रांगेत बसू लागतात, त्यामुळे वरचा थर आकसतो. खालचा थर आकसत नाही. सुकत्या चिखलासारखा वरचा थर ताणला जातो आणि भेगाळतो. काळ्या प्लास्टिकमध्ये ऊन आणि ऑक्सिजन दोन्ही फार खोल शिरत नाहीत, म्हणून ही सगळी पडझड वरच्या पातळ थरातच चालते. आत माल शाबूत असतो. चिमट्यात काजळी नसते, ऊन आरपार जातं, म्हणून तो मोडतो आणि बंपर फक्त फिका दिसतो.

पावसाळ्याआधी चाळींच्या आणि झोपड्यांच्या छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढतात. पुढच्या मेपर्यंत त्यांच्या चिंध्या लोंबत असतात. त्याच इमारतींच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या मात्र वर्षानुवर्षं टिकतात. दोन्ही प्लास्टिकच, फरक मुख्यतः काजळीचा. ती ऊन स्वतः गिळते आणि उष्णता करून सोडून देते.

गाडीच्या प्लास्टिकमध्ये काजळीच्या जोडीला आणखी एक राखणदार असतो. अमाइन जातीची, म्हणजे नायट्रोजन असलेली, ही द्रव्यं १९७० च्या दशकात बाजारात आली. ती ऊन अडवत नाहीत, हायड्रोजन पळवणाऱ्या त्या लुटारूंना पकडतात, आणि पकडून झालं की स्वतः पुन्हा मूळ रूपात येऊन कामाला लागतात. म्हणून चिमूटभर घातलेली वर्षानुवर्षं पुरतात. मात्र आम्ल त्यांना निकामी करतं. पॉलिहाऊसच्या कागदावर गंधकाची फवारणी सारखी होत राहिली तर तो लवकर फाटतो, त्याचं कारण हेच. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला कुणी गाडीवर टॉयलेट क्लीनर फिरवत असेल तर त्याचा हात तिथेच धरावा.

आता उपाय. माझ्या गाडीची एक कमान मागे खांबाला लागून तडकली होती. ती काढून आणली, साबणाने आणि ब्रशने खसखसून धुतली, मास्किंग टेपने तिचे पट्टे पाडले आणि एका उन्हाळ्यासाठी गच्चीवर ठेवली. याला संशोधन म्हणू नका, हौस म्हणा.

खोबरेलाचा पट्टा पहिल्या दिवशी सगळ्यांत सुंदर दिसला. आठवड्याने त्यावर समोरच्या बांधकामाची धूळ पुरणपोळीवर पीठ बसावं तशी बसली. खोबरेल वाळत नाही, तीच त्याची अडचण. जवसाचं तेल ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून चित्रकार ते वापरतात. खोबरेल तेलकटच राहतं आणि हळूहळू खवट होतं.

डिझेलचा पट्टा गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने. डिझेलही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचंच, म्हणजे या प्लास्टिकचं भावंड, असल्याने आत मुरतं, प्लास्टिक किंचित फुगतं, भेगा मिटल्यासारख्या वाटतात. उडून गेलं की जैसे थे. शिवाय शेजारच्या दाराच्या रबराला ते लागलं तर रबर फुगून ढिलं पडतं. हा उपाय मी वाईट म्हणेन.

सिलिकॉनवाल्या चकचकीत पॉलिशचा पट्टा महिनाभर बरा राहिला. गाडी धुणाऱ्या मुलाच्या बाटलीत हेच असतं. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सिलिकॉन तेल अतिनील किरणांना जवळजवळ पारदर्शक आहे. म्हणजे पॉलिशने प्लास्टिक काळं दिसतं, खाली ऊन मात्र पूर्वीसारखंच पोहोचतं. दिसणं आणि टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाटलीवर ‘यूव्ही प्रोटेक्शन’ छापलं असेल तर ते त्यात वेगळं घातलेल्या द्रव्याचं काम, आणि ते द्रव्य तेलासोबत पावसात वाहून जातं.

हीट गनचा, म्हणजे कडक गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचा, पट्टा माझ्या हातून बिघडला. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं. गरम हवेने वरचा थर वितळून सांधला जातो, भेगा बुजतात आणि जादू झाल्यासारखं काळं परत येतं. मी दोन सेकंद जास्त थांबलो आणि खडबडीत पोत गेला, त्या जागी इस्त्रीच्या डागासारखा चकचकीत ठिपका आला. जमलं तरी तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत. सांधलेला थर तोच अशक्त माल असतो, पुन्हा लवकर भेगाळतो.

शेवटचा पट्टा ट्रिम कोटिंगचा, छोटी बाटली, किंमत बोचणारी. यातली सिलिकाची संयुगं हवेतल्या बाष्पाने घट्ट होतात, भेगांत शिरून तिथेच पातळ, कडक थर बनवतात. तेल राहत नाही, म्हणून धूळ चिकटत नाही. मुंबईच्या दमट हवेत ते बाटलीवर लिहिल्यापेक्षा लवकर धरतं, तेव्हा एका वेळी वीतभरच जागा घ्यावी आणि जादाचं लगेच पुसावं, नाहीतर फराटे उठतात. कमान खाली आणली तेव्हा हाच पट्टा काळा होता.

रंग मारण्याचा विचार मी सोडून दिला. पॉलिप्रॉपिलीनवर काहीच धड चिकटत नाही, खाली खास प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणारा, हात नसेल तर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आणि टूथपेस्ट हेडलाइटसाठी, तिथलं प्लास्टिक वेगळं आणि आजारही वेगळा. काळ्या खडबडीत भागावर ती लावली तर खाचांत पांढरी अडकून बसते, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने काढत बसा.

काहीही लावायच्या आधी पृष्ठभाग पूर्ण कोरडा आणि तेलमुक्त हवा. जुनं पॉलिश राहिलं असेल तर नवं कोटिंग प्लास्टिकवर नाही, पॉलिशवर चढतं आणि त्याच्यासोबतच जातं.

राहिला प्रश्न उन्हाचा. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला, म्हणजे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैत ढग वाचवतात, मेमध्ये कुणी वाचवत नाही. आडव्या जाळीवर तेव्हा ऊन काटकोनात पडतं, म्हणून ती सगळ्यात आधी पांढरी होते. आतला डॅशबोर्ड तसा होत नाही, कारण पुढच्या काचेच्या दोन थरांमधला प्लास्टिकचा पडदा अतिनील किरण जवळपास सगळे अडवतो.

आमच्या जागेवर सकाळी इमारतीची सावली असते, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन. दहा वर्षं मी गाडी एकाच दिशेला तोंड करून लावली, त्यामुळे डावी बाजू उजवीपेक्षा बरीच फिकी आहे. कोटिंग फेब्रुवारीत केलं, ऊन चढायच्या आत. आता एक आठवडा सरळ, एक आठवडा उलटी अशी लावतो, आणि वायपरखालच्या जाळीवर जुन्या चादरीची घडी टाकून वायपरने दाबून ठेवतो. वॉचमनने दोनदा विचारलं, गाडीला ताप आलाय का.