थॅलेसेमिया वाहक जोडप्यांची सीव्हीएस तपासणी: पात्रता, कागदपत्रं आणि हुकणारे आठवडे

गर्भाला थॅलेसेमिया मेजर (वारंवार रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक आजार) आहे का, हे लवकर कळावं म्हणून वारेतून सुईने बारीक नमुना घेतात, तीच सीव्हीएस. प्रत्यक्ष सुई काही मिनिटांत होते. जोडप्यांना परत जावं लागतं ते बहुतेकदा कागदांमुळे किंवा चुकीच्या मोजलेल्या आठवड्यांमुळे.

आधी आठवडे. ही तपासणी साधारण ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान करतात. १० आठवड्यांपूर्वी करत नाहीत, कारण इतक्या लवकर नमुना घेतला तर बाळाच्या हातापायांत व्यंग येण्याचा धोका असतो. आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. या एका गैरसमजात चार आठवडे जातात. "तिसरा महिना संपला की जाऊ" असं ठरवून बसलेली बाई येते तेव्हा सतरावा आठवडा लागलेला असतो. पाळी अनियमित असेल तर पहिल्या सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून आठवडे ठरतात, म्हणून तो जुना अहवाल टाकून देऊ नका.

पात्रता पीसीपीएनडीटी कायद्याने (गर्भाच्या तपासण्यांचे नियम घालणारा आणि लिंगनिदानाला बंदी करणारा कायदा) ठरवली आहे. वय ३५ च्या वर, आपोआप झालेले दोन किंवा अधिक गर्भपात, घातक औषध, किरणोत्सर्ग वा संसर्गाशी संपर्क, किंवा पती-पत्नीच्या घराण्यात आनुवंशिक आजार, यांपैकी एक कारण लेखी नोंदवावं लागतं. थॅलेसेमियात दोघंही वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुक मुलाला देऊ शकणारे) असल्याचे अहवाल हा मुख्य आधार. आधीचं मूल आजारी असलंच पाहिजे, असं नाही. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक इतकाच राहतो. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब करू नका.

आता तो कागद, जो बहुतेकांकडे नसतो: दोघांचा डीएनए म्युटेशन अहवाल. एचपीएलसी या रक्ततपासणीत एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला की वाहक असल्याचं कळतं, पण जनुकात नेमका दोष कोणता, ते कळत नाही. भारतात आयव्हीएस १-५ हा दोष सर्वाधिक आढळतो, तरी तोच असेल असं गृहीत धरून चालत नाही. आईबापांचे दोष माहीत नसतील तर प्रयोगशाळेने गर्भाच्या नमुन्यात शोधायचं काय? या चाचणीला वेळ लागतो. ती गर्भ राहण्याआधीच करावी. ते झालं नसेल तर गरोदर असल्याचं कळताच दोघांचं रक्त द्या, बाराव्या आठवड्याची वाट पाहू नका.

इथे नवरेमंडळी फार वेळ घालवतात. "मला काही त्रास नाही, माझं हिमोग्लोबिन चांगलं आहे" हे कारण चालत नाही, कारण वाहकाला बहुतेकदा त्रास होतच नाही. दोघांनीही एचपीएलसी करायलाच हवी. लोह कमी असेल तर एचबीए२ खोटं कमी दिसू शकतं आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर निकाल फसवा येतो, दोन्ही गोष्टी आधीच सांगा. डबल मार्कर आणि एनटी सोनोग्राफी "नॉर्मल" आली म्हणून थॅलेसेमिया नाही, असं समजू नका. त्या तपासण्या डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांचा अंदाज घेण्यासाठी असतात, थॅलेसेमियासाठी नाहीतच.

केंद्र निवडताना एक गोष्ट पाहा. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरला सीव्हीएस करता येत नाही, जेनेटिक क्लिनिक म्हणून नोंदणी लागते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं. तिथे एफ फॉर्म भरतात: नाव, वय, पत्ता, मुलांची संख्या, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव, तपासणीचं कारण. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर काम तिथेच थांबतं. एका रकान्यासाठी परत पाठवतात याचा राग येतो आणि तो रास्त आहे. पण या कायद्यात अपुरी नोंद हाच गुन्ह्याचा पुरावा धरला जातो, म्हणून डॉक्टर हटून बसतात. आधार कार्डावर माहेरचं नाव आणि अहवालावर सासरचं, हा घोळ घरूनच मिटवून निघा. सर्व अहवालांवर एकच नाव, एकच स्पेलिंग हवं.

संमतीपत्र म्हणजे जी फॉर्म. ते गरोदर बाईला समजेल त्या भाषेत असावं आणि त्याची प्रत तिला मिळावी, हा तिचा हक्क आहे. कायद्याला सही तिची लागते, सासू-सासऱ्यांची नाही. घाईत पुढे सरकवलेल्या कागदावर सही करू नका. गर्भपाताचा जास्तीचा धोका थोडा असतो, पण असतो. तो विचारून घ्या. बाळाचं लिंग विचारू नका. तो गुन्हा आहे.

त्या दिवशी रक्तगटाचा अहवाल न्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच कळवा. आईचं रक्तही नमुन्यासोबत जातं, कारण वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल आईचाच येऊ शकतो. नवऱ्याचं रक्त आधी दिलं नसेल तर त्यालाही सोबत न्या.

१४ आठवडे उलटले तरी दार बंद होत नाही: पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी करता येते. मात्र तिचा निकाल येईपर्यंत वीस आठवडे जवळ येतात आणि त्यानंतर गर्भपाताचा निर्णय घ्यायचा तर एकाऐवजी दोन डॉक्टरांचं मत लागतं. म्हणून प्रयोगशाळेला नमुना देतानाच निकालाची तारीख लेखी मागा.