राणीछाप रुपया आणि नाशिकरोडची नोट

आमच्या आजीकडे अकरा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे, चांदीचे रुपये होते. निफाडकडच्या माहेरून आलेले. चुलीमागच्या भिंतीशी जमीन उकरून, गाडग्यात घालून तिने ते पुरले होते आणि वर शेणाने सारवून घेतलं होतं. कधी बाहेर निघालेच तर ती एकेक रुपया उंबऱ्याच्या दगडावर टाकून आवाज ऐकायची. बंदा रुपया, खणखणीत नाणं, वाजवून घेणं हे शब्द आपण आज माणसांबद्दल वापरतो, पण त्यांचा जन्म अशाच उंबऱ्यांवरचा.

त्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, वजन बरोबर एक तोळा. त्यावर राणी आहे की राजा, लंडनचं सरकार टिकेल की बुडेल, याच्याशी खेड्याला फारसं देणंघेणं नव्हतं. सरकार बुडालं तरी सराफ तोळाभर चांदीचे पैसे देणारच होता. नोटेचं तसं नाही. नोट भिजते, तिला वाळवी लागते, आणि मुख्य म्हणजे तिची किंमत ती काढणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून असते. म्हणूनच युद्धाच्या काळात सरकारवरचा लोकांचा भरवसा कुठे उडाला, ते सभांपेक्षा आठवडे बाजारात आधी दिसतं.

पहिल्या महायुद्धात हे एकदा घडून गेलं होतं. चांदी अपुरी पडू लागली तेव्हा सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही. खेडोपाडी या नोटा बट्टा लावूनच, म्हणजे छापील किमतीपेक्षा कमी धरूनच, घेतल्या जात. १९१८ च्या वसंतात फ्रान्समधल्या जर्मन चढाईच्या बातम्या आल्या आणि मुंबईच्या करन्सी ऑफिसपुढे नोटा मोडून रुपये घेणाऱ्यांची झुंबड उडाली. शेवटी अमेरिकेने चांदीचे डॉलर वितळवून २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकली, तेव्हा कुठे वेळ निभावली. लोकांना वाटलं, सरकार शब्दाला जागलं.

तोवर आपल्या नोटा इंग्लंडात छापून बोटीने येत. तिकिटं आणि नोटा इथेच छापायचं ठरलं, तेव्हा मुंबईला रेल्वेने जवळ आणि हवामान बरं म्हणून नाशिकरोडची निवड झाली. १९२०च्या दशकाच्या मध्यावर सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला ज्या कागदाचा भरवसा वाटत नव्हता, तो आता त्याच्या बैलगाडीच्या पल्ल्यात छापला जाऊ लागला. (नाशिककर याचा अभिमान मिरवतात. मीही मिरवतो.)

मग दुसऱ्या महायुद्धात १९४० चा जून उजाडला. पॅरिस पडलं, फ्रान्सने हात टेकले, आणि ‘इंग्रज आता हरणार’ ही बोली गावोगाव पोचली. लोकांनी पोस्टातली बचत काढली आणि नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्याचा सपाटा लावला. २५ जूनला सरकारने हुकूम काढला की स्वतःच्या किंवा धंद्याच्या गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ घेणं हा गुन्हा आहे. महिनाभरात एक रुपयाची नोट पुन्हा आली. तिच्यावर साल १९३५ आणि चित्र पाचव्या जॉर्जचं. तो राजा वारून चार वर्षं झाली होती. अडीअडचणीसाठी आधीच छापून ठेवलेल्या नोटा होत्या त्या.

खरी मेख कायद्यात होती. दहाची नोट दिली तर दहा रुपये मिळतील हे वचन कायम होतं, पण एक रुपयाची नोट हाच आता कायद्याने ‘रुपया’ ठरला. म्हणजे कागद द्या आणि दहा कागद घ्या. सामान्य माणसाला हा कायदा कोणी समजावून सांगितला नाही आणि त्याची गरजही पडली नाही; सरकारचा शब्द पोकळ झाला, हे त्याला बाजारातच कळलं. माझ्या मते बेचाळीसच्या चळवळीची पाळंमुळं शोधताना आपण १९४० च्या या दिवसांकडे नीट पाहत नाही.

त्याच वर्षी चांदीच्या नाण्यांत निम्मीच चांदी घालायचं धोरण आलं. वजन तेवढंच, आवाज वेगळा. मग जुनी नाणी एकेक करून बाद होत गेली: १९४१ मध्ये राणीछाप, १९४२ मध्ये एडवर्डचे रुपये, मे १९४३ मध्ये पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे चांगल्या चांदीचे रुपये. मुदतीच्या आत भरणा करा, असा सरकारी पुकारा होता. ज्याने भरले त्याला कागद मिळाला, ज्याने पुरून ठेवले त्याच्याकडे चांदी राहिली.

इकडे ब्रिटन हिंदुस्थानातून केलेल्या युद्धाच्या खरेदीचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडाच्या, खात्यावर मांडत होतं आणि त्या आकड्यांच्या जोरावर इथे नोटा निघत होत्या. युद्धाच्या सुरुवातीला सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपताना तो आकडा ११०० कोटींच्या वर गेला. महागाई भडकली. जमीनवाल्याने वाढलेल्या भावात धान्य विकून सावकाराचं जुनं कर्ज फेडलं, हेही खरं. मजुराच्या वाट्याला मात्र तेवढ्याच मजुरीत निम्मी ज्वारी आली. पुढे लेव्ही सुरू झाली आणि घरातलं धान्य ठरल्या भावाने सरकारला घालायची वेळ आली. रॉकेलची टंचाई होतीच.

चिल्लरीचा दुष्काळ तर बायाबापड्यांना जास्त जाचला. जाड ढब्बू पैसा गायब झाला, १९४३ मध्ये त्याच्या जागी भोकाचा पैसा आला. मधल्या काळात दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी पोस्टाची तिकिटं देत. तीही नाशिकरोडचीच. मिठासोबत मिळालेलं तिकीट घामाने हाताला चिकटलं की ते पैसेही गेले.

आजीने तिचे रुपये कधीच भरले नाहीत. मामलेदार कचेरीचा माणूस पेठेत दवंडी देऊन गेला, ते तिने ऐकलं होतं. पुढे १९४७ चा निकेलचा रुपया हाती आला, तेव्हा तिने तोही सवयीने उंबऱ्यावर टाकून पाहिला आणि मिठामिरचीच्या खर्चाच्या डब्यात ठेवून दिला. गाडग्याकडे ती गेली नाही.